ग्रहणात चिरलेला कांदा

आई,

तुला पोचवून परतताना अंधार पडला, आणि माझं डोकं फिरलं ते तिथून. अजून ताळ्यावर आलेलं नाही. गेलेल्या माणसाशी रागानं बोलू नये म्हणतात. पण माझा राग ऐकून घेणारं माणूस या घरात एकच होतं, ते तू. तेव्हा ऐक.

आपल्या धाकट्या कुसुमचे यजमान आणि सासरे अकोल्याहून यायचे होते. गाडी बडनेऱ्यालाच रखडली. त्यांच्यासाठी थांबलो आणि तुला उचललं तेव्हा ऊन पार उतरलं होतं. अग्नी देईपर्यंत मला दिसत होतं, मग चितेचा उजेड होता. पाठ फिरवली आणि समोर काहीच उरलं नाही. मागे वळून पाहायचं नाही असा तिथला नियम, आणि पुढे पाहून मला काही दिसायचं नाही. चुलतभावानं माझा दंड पकडला आणि बैल ओढावा तसा मला ओढत निघाला. दगडाला ठेच लागून मी गुडघ्यावर आपटलो. कुणीतरी हळहळलं, "मायच्या दुःखानं पाय ठरत नाही त्याचे." मागून दुसरा म्हणाला, "दुःखानं नाही बावा, त्याले पहिलेपासूनच आहे. ग्रहणातलं पोट्टं आहे ते. माय विळीवर बसली होती ना."

तुझी चिता अजून धडधडत होती, आई. तुझी हाडंही निवली नव्हती आणि तुझ्यावरचा आरोप स्मशानाच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत चालत आला. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तिथे बोललो असतो तर हात उचलला असता.

आणि घरी बायका तुला भाग्यवान म्हणत होत्या. हिरव्या चुड्यानिशी गेली, सोनं झालं म्हणत होत्या. जन्मभर जिला गुन्हेगार ठरवलं तिच्या मरणाचं एवढं कौतुक. तो चुडा तुझ्याबरोबर गेला याचं मला काय वाटलं ते त्यांच्यापैकी एकीलाही कळायचं नाही. रोज सांजेला मी त्या बांगड्यांच्या आवाजामागे चालत आलो होतो.

तो कांदा मी पाहिलेला नाही, मी तेव्हा तुझ्या पोटात होतो. पण माझ्या जन्माच्याही आधीची ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्याचा वास मला येतो. उन्हाळ्याचे दिवस, भर दुपारचं सूर्यग्रहण. गर्भार बाईनं ग्रहणात चिरायचं नाही, कापायचं नाही, हालायचं नाही, आडवं पडून राहायचं. तू पडून होतीस. मनूआत्या, नानांची धाकटी बहीण, तेव्हा परकरी पोर. ती आवारात खेळून आली ती ऊन लागून फणफणलेलीच. डोळे पांढरे करायला लागली. घरातली बाकी सगळी देवघरात जप करत बसलेली. तू उठलीस, विळी घेतलीस, कांदा चिरलास आणि तिच्या तळपायांना चोळलास. संध्याकाळपर्यंत आत्या उठून भात जेवली. आणि काही वर्षांनी, मी दिवेलागणीला भिंतींवर आपटायला लागलो तेव्हा, "वहिनीनं ग्रहणात विळी चालवली" हे सर्वांत आधी कोण म्हणालं? मनूआत्याच.

तिच्याच तळपायांना चोळलेला कांदा. हे तिला आठवत नव्हतं म्हणावं तर कांदा आठवत होता, विळी आठवत होती, ग्रहण आठवत होतं. फक्त स्वतःचे पाय आठवत नव्हते.

मग उपचार. गाजरं, पपया, शेवग्याचा पाला. डोळ्यात मध घालणारे एक, दुधात हळद देणारे दुसरे. डॉक्टरांनी माशाचं तेल लिहून दिलं तेव्हा घरात जो गहजब झाला तो मला आठवतो. बाटली परसात, शेणकुटाच्या कोनाड्यात. चमचा वेगळा. मला पाजून झालं की तू विहिरीवर आंघोळ करायचीस, थंडीतसुद्धा, तेव्हा तुला स्वयंपाकघरात पाय टाकू देत. मला बरं करायचं तुझ्यावर, आणि बरं करताना बाटायचंही तूच. तेल वर्षभर चाललं, काडीचा फरक पडला नाही. डॉक्टरांनी दिव्यानं माझे डोळे तपासले आणि म्हणाले, "पडदा स्वच्छ आहे. याला काही झालेलं नाही. सोंग करतो." ते नानांना म्हणाले, पण पाहत तुझ्याकडे होते. त्यांना रोग सापडला नाही म्हणून मी खोटा, आणि माझ्यासारखा खोटा मुलगा वाढवला म्हणून तू वाईट. असा त्यांचा हिशेब. मला त्यांच्या त्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट फोडावासा वाटला होता. आजही वाटतो.

पण या सगळ्यांना मी एक वेळ माफ करीन. आबाजींना नाही.

हे तुला ऐकवत नाही, ठाऊक आहे. तुझे वडील. अकोल्याकडच्या त्या गावातले नेमाचे भटजी. दिवेलागण झाली की उंबरा ओलांडायचा नाही हा त्यांचा नेम पंचक्रोशीत गाजलेला. लक्ष्मीपूजनाला यजमानच त्यांच्या घरी येत. गोरजमुहूर्ताची लग्नं ते घेत नसत, दुसऱ्याला सोडत. सावकार बोलावो की पाटील, सांज झाली की आबाजी देवापुढे. लोक म्हणायचे, एवढा कडक नेम आजकाल कुणाला निभतो. लहानपणी मलाही अभिमान वाटायचा, इतका की शाळेत मी सांगत असे.

मी आठेक वर्षांचा असताना ते आपल्याकडे आले होते. सकाळच्या गाडीनं आले, दुपारच्या गाडीनं परतायचं होतं, कारण नेम. जेवणं झाल्यावर झोपाळ्यावर पान लावत बसले होते आणि नानांच्या आईनं, आजीनं, त्यांच्यासमोर तुझा पाढा वाचला. कांदा, विळी, ग्रहण, आणि पोराच्या डोळ्यांची झालेली माती. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. मी झोपाळ्याच्या कडीला लोंबकळत होतो, म्हणून मला त्यांचं तोंड नीट दिसलं. ते पान चघळायचे थांबले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "ग्रहण पाळाले पाहिजे होतं, पोरी."

तू त्यांच्या शिदोरीत दशम्या बांधल्यास आणि टांग्यापर्यंत पोचवायला गेलीस. परत आलीस तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणून मला वाटलं, खरंच तुझी चूक असेल. आठ वर्षांच्या पोराला दुसरं काय वाटणार?

ते तोंड मला इतकी वर्षं छळत राहिलं आणि त्याचं कारण कळलं मागच्या वर्षी, मुंबईत. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं ओळख काढून दिली म्हणून तिथल्या मोठ्या इस्पितळात गेलो. काळोख्या खोलीत बसवलं, डोळ्यावर तार जोडलेली काचेची वाटी बसवली, दिवा चमकवला, आणि यंत्राच्या लेखणीनं कागदावर रेघ काढली. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी मला सोंगी म्हटलं नाही. म्हणाले, "उजेड पडला की ही रेघ आधी खाली उतरते आणि मग वर उसळते. खाली उतरली म्हणजे पडद्याच्या मागच्या पेशींनी उजेड पकडला. वर उसळली म्हणजे त्यांनी पुढच्या पेशीला खबर दिली. तुमची रेघ खाली बरोबर उतरते, वर येतच नाही." म्हणजे माझे डोळे अंधारात आंधळे नाहीत, आई. जेवढा थोडा उजेड असतो तेवढा ते पकडतात. पकडलेला उजेड पुढे पोचत नाही, इतकंच. आहार नाही, कांदा नाही, सोंग तर नाहीच. आणि मग त्यांनी विचारलं, "आईच्या वडिलांना असं काही होतं का? हे बापाकडून मुलाला जात नाही. मुलीकडून नातवाकडे येतं. मुलीला स्वतःला काही होत नाही."

मला झोपाळा आठवला आणि ते पान चघळायचं थांबलेलं तोंड.

परत आलो आणि तुला गाठलं ते दुपारी, ओसरीवर, तू सुपारी कातरत होतीस. आपलं शेवटचं मोठं भांडण ते. सुरुवात मात्र मजेत झाली होती. मी तुला बेडकाचं सांगितलं. कॉलेजात पोरांना दाखवतो तो प्रयोग. बेडकाच्या पायाचा स्नायू, त्याला जोडलेला मज्जातंतू, दोन्ही क्षाराच्या पाण्यात. तंतूला विजेचा टिचका दिला की स्नायू आखडतो. पाण्यातून एक कॅल्शियमचा क्षार वगळला तर तंतू शाबूत, स्नायू शाबूत, पण एकाची खबर दुसऱ्याला कळत नाही. क्षार घातला की पुन्हा चालू. तुला कॅल्शियम कळेना तर तुझ्याच डब्यातला चुना दाखवला, म्हटलं, हेच समज.

तू चुन्याची डबी उचललीस. "मंग तुह्या डोयात घालू का बोटभर?"

मी हसलो. म्हटलं, चुना रक्तात आहेच, प्रत्येक पेशीच्या बाहेर आहे. तो आत शिरला की खबर पुढे जात असावी. आत शिरायला दार लागत असेल, आणि माझ्या पेशींची ती दारं उघडत नसतील. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, हे माझं अनुमान, हेही सांगितलं. तू अडकित्ता थांबवलास. "दिवसा कसं दिसते मंग तुले?" म्हटलं, दिवसाच्या पेशी निराळ्या, त्यांचं रडतखडत का होईना चालतं, म्हणून जाड चष्म्यावर भागतं. माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांनी हा प्रश्न विचारला नसता. मग तू दुसरा विचारलास.

"दार कोनं लावलं?"

"कुणीच नाही. घडतानाच तसं घडलं. आबाजींचं तसं होतं. तुझ्यातून माझ्याकडे आलं."

तू डबी खाली ठेवलीस. "माह्या बाबाचं नाव यात आनू नको."

"त्यांना सांजेनंतर दिसत नव्हतं ना?"

"तुले कोनं सांगतलं?"

तूच, आई. मी लहान असल्यापासून तू मला सांजेची बाहेर न्यायचीस. दंड धरून नाही, हात ओढून नाही. डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे, बांगड्या हलक्या वाजवत. पायरी यायच्या एक पाऊल आधी "पायरी", नाली यायच्या आधी "नाली". एवढंच, जास्तीचा शब्द नाही. शाळा सुटायला उशीर झाला की फाटकाशी तू उभी असायचीस आणि लोकांना वाटायचं, मायलेक फिरायला निघाले आहेत. नानांना हे कधी जमलं नाही, कुसुमलाही नाही. या गोष्टी कुणी पुस्तकातून शिकत नाही. तू त्या परकर नेसायच्या वयात शिकली असणार, आबाजींना सांजेला परसातल्या विहिरीवर नेता आणता. हे मी तुला म्हटलं तेव्हा तू मान आवाराकडे वळवलीस.

मग बोललीस. "नेम नव्हता तो. पोटापान्याचं होतं. दिसत नाही म्हटलं असतं तर कोन बोलावनार होतं अशा भटजीले? मायनं मले सांगून ठेवलं होतं, मेली तरी बोलू नको."

"आणि त्या माणसानं तुला भरल्या घरात 'ग्रहण पाळायला पाहिजे होतं' म्हणावं? स्वतःच्या डोळ्यांत तेच असताना?"

"टांग्यात चढताना रडले ते. तू नाही पाह्यलं."

रडले असतील. गुपचूप, टांग्यात, जिथे कुणी पाहणार नाही तिथे. मी तुला म्हटलं, त्यांचं न दिसणं पुण्य आणि माझं न दिसणं तुझं पाप, हा कुठला न्याय. दोन्ही एकच, आई. एकाच डोळ्यांचं न दिसणं. पुरुषाच्या घरी त्याला लोक नमस्कार करायला येत होते, आणि बाईच्या पदरी आलं तर तिला थंडीत विहिरीवर उभी करत होते. मी आवाज चढवला. म्हटलं, उद्याच्या उद्या आत्याला आणि सगळ्यांना सांगतो.

तेव्हा तू म्हणालीस, "ग्रहणाचं बरं आहे, वसंता. ते माह्या एकटीवर आहे. मी चिरला, मी भोगते. रक्ताचं म्हटलं की कुसुमवर जाते. तिले अजून नांदाचं आहे."

कुसुमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. म्हणजे तू गप्प होतीस ती आधी बापासाठी आणि मग लेकीसाठी. मधल्या जागेत तू स्वतः कुठे होतीस, हे विचारलं तर तू म्हणालीस, "काहून डोकं खाऊन राहिला? मी मेल्यावर बोल काय बोलाचं ते." आणि सुपारी कातरायला लागलीस.

झालं. तू मेलीस. इतक्या लवकर मला मोकळीक देण्याची काही गरज नव्हती.

तेरवीला घर भरलं होतं. कुसुमला सातवा चालू आहे, ती इथेच आहे. तिच्या सासूबाई अकोल्याहून आल्या होत्या. गोविंदमामा, तुझा धाकटा भाऊ, गावाहून आले. त्यांना या वयातही काळोखात सुई ओवता येते. पंगत बसली आणि मामांनी आबाजींचा नेम काढला. ताईवर आबाजींचे संस्कार, म्हणून ती अशी सोशिक, वगैरे. मी पत्रावळीकडे पाहत होतो. तेवढ्यात मनूआत्या कुसुमला म्हणाली, "येत्या महिन्यात ग्रहण येऊन राहिलं, पोरी. नीट पाळजो. तुह्या मायनं हट्ट केला अन् पाहा वसंताचं काय झालं."

माझा घास तोंडात तसाच राहिला. सगळं जिभेवर आलं होतं. आणि समोर कुसुमच्या सासूबाई बसलेल्या. त्यांच्याकडे पाहिलं आणि तुझं वाक्य आठवलं, कुसुमवर जाते. बोललो तर तू निर्दोष आणि कुसुम गोत्यात. न बोललो तर त्या पोरीच्या डोक्यावर ग्रहण टांगून ठेवायचं, आणि उद्या मुलगा माझ्यासारखा निघाला की तिनं कुठे शिंक दिली होती ते शोधायचं. तू जन्मभर ज्या जागी बसून होतीस ती जागा कशी असते ते मला त्या पंगतीत कळलं. तुझ्यावर माझा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही कधी आली नव्हती.

बोललं कोण ठाऊक आहे? कुसुम. वरणाचं पातेलं खाली ठेवलं, कमरेवर हात टेकून सरळ झाली आणि म्हणाली, "आत्या, तो कांदा तुमच्या पायाले चोळाले चिरला होता. तुम्हाले ऊन लागलं होतं."

आत्या म्हणाली, "असं कोन म्हनते?"

"मी म्हणतो," नाना म्हणाले.

आई, नाना बोलले. कोर्टात दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी पहिल्यांदा साक्ष दिली. "टोपलीतून कांदा मीच काढून दिला होता तिच्या हातात. मनूचं अंग भाजत होतं." सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मी पण. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या पोटात होतं आणि तू थंडीत विहिरीवर आंघोळ करत होतीस. बाहेर काढलं ते तुझ्या तेरवीला, वरणभातावर. मी त्यांच्याशी तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. तुला आवडणार नाही. न आवडो.

कुसुम थांबली नाही. सासूबाईंकडे वळली. "सासूबाई, दादाचं ग्रहणानं नाही झालं. आबाजीले तेच होतं, नेम नव्हता तो. आईकडून दादाले आलं. माझ्याकडे असेल तर माझ्या मुलाले येऊ शकते, नसेल तर नाही. आताच सांगून ठेवते. मागून ग्रहण काढाचं नाही कोनी."

मामा म्हणाले नाहीत की हे खोटं आहे. हातातला घास पत्रावळीवर ठेवून हळूच म्हणाले, "ताईच नेत होती त्याइले विहिरीवर. पुढं बांगड्या वाजवत. आमाले वाटे, लाडकी आहे म्हून नेतेत." मग ते ना जेवले ना उठले.

आत्या तेवढी म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पुण्यवान होते आबाजी."

तेव्हा मात्र मी बोललो. "आणि आई? ती जिवंत आहे का?"

पंगत तशीच उरकली. कुसुमच्या सासूबाई दुपारच्या गाडीला निघाल्या. दारात चपला घालताना कुसुमला म्हणाल्या, "मुलगा झाला तर पाहू." पाहू म्हणजे काय, कुणाला पाहू? मला विचारायचं होतं. कुसुमनं मला नजरेनं थांबवलं आणि म्हणाली, "अन् मुलगी झाली तर तिलेही सांगीन मी." त्या टांग्यात बसल्या. जावई गेल्या रविवारी येऊन गेले. म्हणाले, आई घरात या विषयावर बोलत नाही, मी मात्र येत जाईन. माणूस बरा वाटतो. पण बरे तर नानाही होते, म्हणून मी एवढ्यात काही ठरवत नाही.

आज ते ग्रहण होतं. आत्याकडून सकाळीच निरोप आला, दारंखिडक्या लावून कुसुमला झोपवा. कुसुम विळीवर बसली आणि तिनं कांदा चिरला. जिद्दीनं वगैरे नाही, पिठलं करायचं होतं. नाना देवघराच्या दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. मग आत गेले आणि टोपलीतून आणखी एक कांदा आणून तिच्यापुढे ठेवला. पिठलं मी दोनदा मागून घेतलं.

ग्रहण सुटलं, ऊन उतरलं आणि कुसुम म्हणाली, "चाल दादा, पाय मोकळे करून येऊ." मी नको म्हटलं. तू गेल्यापासून दिवेलागणीनंतर मी घराबाहेर पडलेलो नाही. गल्लीतल्या एकानं परवा विचारलंही, आजोबांसारखा नेम धरला काय म्हणून. हे ऐकल्यावर तू मला काय म्हणाली असतीस ते मी जाणून आहे. कुसुमनं ऐकलं नाही, चपला माझ्या पायाशी आणून टाकल्या.

फाटकापर्यंत दिसत होतं. कोपऱ्यावर वळलो आणि दिसेनासं झालं. मी हात पुढे करून उभा राहिलो. कुसुमनं हात धरला नाही. ती माझ्या डाव्या बाजूला आली, अर्धं पाऊल पुढे गेली, आणि तिच्या बांगड्या हलक्या वाजायला लागल्या. "नाली," ती म्हणाली, आणि एका पावलानंतर नाली आली.

मी तिथेच थांबलो. विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं. मागच्या दिवाळीत. ओसरीपासून परसापर्यंत मले डोळे बांधून चालवलं. मग स्वतःचे बांधले, म्हणे आता तू मले ने. चुकले की परत. हात दुखले बांगड्या वाजवून." ती हसली आणि मग तिचा आवाज बदलला. "म्हणे, तुह्या दादाचं खरं असन त तुले लागन हे. अन् वसंताले सांगू नको, लय मिजास करन."

मागच्या दिवाळीत. म्हणजे चुन्याच्या डबीवरून आपलं भांडण झालं त्याच महिन्यात. तू मला हो म्हणाली नाहीस. मी तुला पटवत राहिलो, कागदावर पेशी काढून दाखवत राहिलो, आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिलीस. मला वाटलं, हरलो. आणि तू परसात डोळ्यांवर पदर बांधून लेकीला शिकवत होतीस, कारण माझं तुला पटलं होतं. कुसुमला आबाजींचंही सगळं तूच सांगून ठेवलं असणार. तिनं पंगतीत जे सांगितलं ते तिला तसं आधीच पाठ होतं. मला वाटत होतं, मी एकटाच तुझ्या बाजूनं भांडतो आहे.

एकदा म्हणायचं होतंस, आई. "बरोबर आहे तुझं," एवढंच. मी मिजास केली असती. एक संध्याकाळ केली असती, तुझं काय गेलं असतं?

"पायरी," कुसुम म्हणाली.

मी पाय उचलला.